सेटिंग तेच, ग्रेटिंग मात्र रोज वेगळं: फेम्टोसेकंद लेसर, फायबर आणि एक हट्टी बिघाड

तेच फायबर, तोच लेसर, तीच ऊर्जा, फायबर सरकवणाऱ्या स्टेजचा वेगही तोच. फायबर ग्रेटिंग म्हणजे काचेच्या तंतूत सारख्या अंतरावर उमटवलेल्या खुणांची रांग. ती एक ठरावीक तरंगलांबी परत पाठवते, म्हणून पलीकडे पोचणाऱ्या प्रकाशात, म्हणजे ट्रान्समिशनमध्ये, तिथे खड्डा पडतो. खड्डा जितका खोल तितकं ग्रेटिंग ताकदीचं. सोमवारी लिहिलेल्या ग्रेटिंगचा ट्रान्समिशनमधला खड्डा १५ डेसिबल. मंगळवारी त्याच आकड्यांवर जेमतेम २. बुधवारी पुन्हा १५, गुरुवारी ७. माझा धाकटा सहकारी पडद्याकडे बघत "ताई, आजचंही गेलं" म्हणायचा आणि आम्ही दोघं पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासायला बसायचो.

हा बिघाड आम्ही सात-आठ महिने अंगावर काढला. फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अतिशय अल्पकाळाच्या प्रकाश-पल्स सोडणाऱ्या लेसरने, एकेक बिंदू उमटवत ग्रेटिंग लिहिणाऱ्या ज्या ज्या लोकांशी नंतर बोलणं झालं, त्यांतल्या बहुतेकांनी तो भोगलेला होता. म्हणून आम्हाला काय सापडलं, कसं सापडलं आणि कुठे आमची वाट चुकली, ते सविस्तर लिहिते आहे.

आधी आमची मांडणी सांगते, म्हणजे पुढचे आकडे पडताळता येतील. टायटॅनियम-सफायर लेसर, तरंगलांबी ८०० नॅनोमीटर, पल्स सुमारे १०० फेम्टोसेकंदांची, सेकंदाला १००० पल्स. फोकस करणाऱ्या भिंगाचं, म्हणजे ऑब्जेक्टिव्हचं, न्यूमरिकल ॲपर्चर (प्रकाश किती रुंद कोनातून एकवटतो त्याचं माप) ०.५५. फायबर दूरसंचारासाठी वापरतात ते नेहमीचं सिंगल मोड: क्लॅडिंग (बाहेरची काच) १२५ मायक्रॉन, कोअर (प्रकाश वाहणारा मधला भाग) ८.२ मायक्रॉन, १५५० नॅनोमीटरला प्रकाशाचा मोड (कोअरमधून जाणाऱ्या प्रकाशाचा झोत) साधारण १०.४ मायक्रॉन व्यासाचा. ग्रेटिंग १० मिलिमीटर लांब आणि दुसऱ्या ऑर्डरचं, म्हणजे ठिपक्यांतलं अंतर किमान लागतं त्याच्या दुप्पट. फायबरमधला प्रभावी अपवर्तनांक १.४४७ धरला, तर १५५० नॅनोमीटरच्या परावर्तनासाठी दोन ठिपक्यांतलं अंतर १.०७१ मायक्रॉन येतं. पल्स सेकंदाला हजार, म्हणून स्टेजचा वेग सेकंदाला १.०७१ मिलिमीटर. सव्वानऊ सेकंदांत नऊ हजारांहून जास्त ठिपके पडतात आणि काम संपतं.

पाट्या-वरवंट्याला टाकी लावताना पाहिलं असेल तर ही रीत लगेच समजेल. छिन्नीचा एकेक ठोका, सारख्या जोराचा, सारख्या अंतरावर. फरक एवढाच की इथला दगड काचेचा आहे, केसाइतका बारीक आहे, आणि ठोका पृष्ठभागावर मारायचा नसून काचेच्या पोटात, नेमका कोअरमध्ये मारायचा आहे.

त्या "नेमका कोअरमध्ये" या दोन शब्दांतच सगळं दुखणं दडलेलं आहे.

फायबर ग्रेटिंगची सुरुवात १९७८ साली कॅनडातल्या ओटावात झाली. केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मेनियम मिसळलेल्या फायबरमध्ये आर्गॉन लेसरचा प्रकाश सोडला, आणि त्या प्रकाशानेच कोअरमध्ये कायमचं ग्रेटिंग उमटवलं. १९८९ मध्ये मेल्ट्झ, मोरे आणि ग्लेन यांनी २४४ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश बाजूने टाकून हवी ती तरंगलांबी मिळवून दाखवली. १९९३ च्या सुमारास फेज मास्क (बारीक खाचांची काच, जिच्यातून जाताना प्रकाशाचे पट्टे पडतात) आले, फायबरमध्ये हायड्रोजन भरून त्याची संवेदनशीलता वाढवायची युक्ती आली, आणि ग्रेटिंग कारखान्यांत बनू लागली. या सगळ्या काळात एक सोय न मागता मिळत होती. अतिनील प्रकाश फायबरभर पडला तरी त्याला खरा प्रतिसाद द्यायचा तो जर्मेनियमवाल्या कोअरने. थोडं इकडेतिकडे झालं तरी कोअर आपलं काम करून घ्यायचा.

२००३ मध्ये ओटावातच मिहायलोव्ह यांच्या गटाने ८०० नॅनोमीटरच्या फेम्टोसेकंद पल्स आणि फेज मास्क वापरून ग्रेटिंग लिहिलं. २००४ मध्ये बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात मार्टिनेझ आणि सहकाऱ्यांनी मास्कही बाजूला ठेवून बिंदू-बिंदूची पद्धत दाखवली. आता जर्मेनियमची गरज उरली नाही, हायड्रोजनची उरली नाही, फायबरवरचं प्लॅस्टिकचं कोटिंग न काढताही लिहिता येऊ लागलं. आणि काच १००० अंश सेल्सिअसला दीडशे तास ठेवली तरी टिकणारी ग्रेटिंग मिळाली. हे मोठं देणं आहे. मात्र त्याबरोबर ती जुनी सोय गेली. फेम्टोसेकंद पल्स काचेला विचारत नाही की तू कोअर आहेस की क्लॅडिंग. फोकस जिथे पडेल तिथे ठिपका उमटतो. कोअर शोधायचं काम पूर्वी रसायन करायचं, ते आता आपल्या अंगावर आलं आहे. माझ्या मते या पद्धतीतल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथेच आहे.

आम्ही काय चुकलो

ग्रेटिंग दुबळं आलं की हात आपोआप ऊर्जेच्या बटणाकडे जातो. आम्हीही तेच केलं. २०० नॅनोज्यूलवरून २४०, मग २८०, मग ३२०. खड्डा २ वरून ५-६ डेसिबलवर आला आणि आम्हाला वाटलं, जमलं. दोन दिवसांनी त्याच ३२० वर लिहिलेल्या फायबरमध्ये खड्डा खोल आला खरा, पण ग्रेटिंगच्या तरंगलांबीपासून लांबही सगळीकडे प्रकाश दोन-तीन डेसिबल कमी झाला होता. म्हणजे कोअरमध्ये ठिपक्यांऐवजी छोटी छोटी भगदाडं पडली होती आणि प्रकाश त्यांच्यावर आपटून बाहेर उधळत होता.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ती गत होती. ऊर्जा वाढवून चूक दुरुस्त होत नाही, झाकली जाते. शिवाय एका मर्यादेनंतर फोकस स्वतःच बदलायला लागतो. काचेत ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं स्वतःहून एकवटणं साधारण २ मेगावॉटच्या पुढे-मागे सुरू होतं. १०० फेम्टोसेकंदांच्या पल्समध्ये २०० नॅनोज्यूल म्हणजे २ मेगावॉटच झाले. आपण आधीच काठावर उभे असतो. तिथून पुढे गेलं की ठिपका लांबट होतो, त्याची जागाही सरकते, आणि कालचं मोजमाप आज लागू पडत नाही.

तेव्हा पहिली विनंती: ग्रेटिंग दुबळं आलं, तर पहिले दोन दिवस ऊर्जेच्या बटणाला हात लावू नका.

स्पेक्ट्रम काय सांगतो

खड्ड्याची खोली हा एकच आकडा वहीत लिहून आम्ही महिनेच्या महिने घालवले, याची मला आजही हळहळ वाटते. खोलीवरून काहीच कळत नाही. खड्ड्याची रुंदी, त्याच्या डावीकडचा भाग आणि एकूण पातळी, या तीन गोष्टी बघायला हव्या होत्या.

थोडं गणित केलं की हे उमजतं. मोडची तीव्रता कोअरच्या मध्यावर सर्वांत जास्त आणि बाजूंना घंटेच्या आकारात उतरत जाते. ठिपका बिंदूएवढा धरला, तर मध्यापासून तो २ मायक्रॉन सरकल्यावर त्याचा परिणाम ७४ टक्के उरतो, ४ मायक्रॉनवर ३१ टक्के. ऐकायला फार वाटत नाही. पण ग्रेटिंगच्या सूत्रात हे घातलं की १५ डेसिबलचा खड्डा २ मायक्रॉनच्या चुकीने १० वर येतो आणि ४ मायक्रॉनच्या चुकीने जवळजवळ २ वर. चार मायक्रॉन म्हणजे कोअरची अर्धी रुंदी. ठिपके अजून कोअरच्या आतच आहेत, कॅमेऱ्यात सगळं ठीक दिसतं आहे, आणि ग्रेटिंग मात्र हातचं गेलं आहे.

अशा एकसारख्या सरकलेल्या ग्रेटिंगची खूण म्हणजे खड्डा उथळ पण अरुंद असतो, कारण लांबी पूर्ण १० मिलिमीटर भरलेली असते. इतक्या लांबीच्या दुबळ्या ग्रेटिंगची परावर्तनातली अर्ध्या उंचीवरची रुंदी सुमारे ०.०७ नॅनोमीटर येते. आणि मुख्य खड्ड्याच्या डावीकडे, म्हणजे कमी तरंगलांबीच्या बाजूला, कंगव्याच्या दातांसारखी रांग उठून दिसते. मध्यापासून सरकलेला ठिपका प्रकाशाला परत कोअरमध्ये पाठवण्याऐवजी क्लॅडिंगमध्ये ढकलतो, ते हे दात. बिंदू-बिंदूच्या ग्रेटिंगमध्ये थोडे दात नेहमीच असतात. मुख्य खड्ड्याच्या मानाने ते मोठे दिसले की फोकस बाजूला गेला आहे असं समजा.

आमचं २ डेसिबलवालं ग्रेटिंग मात्र रुंद होतं. ०.०७ च्या जागी ०.१५ नॅनोमीटर. बाजूच्या लहान लाटांमधले शून्याचे खळगेही भरून गेल्यासारखे पुसट. रुंदी दुप्पट म्हणजे कामाची लांबी निम्म्याहून कमी. दहा मिलिमीटर लिहिले, पण त्यातले तीन-चारच कोअरमध्ये पडले. उरलेले कुठे गेले?

तिरका पडलेला फायबर

उरलेले ठिपके कोअरच्या खाली किंवा वर, क्लॅडिंगमध्ये पडत होते. फायबर तिरकं होतं आणि लेसर सरळ रेषेत जात होता.

किती तिरकं असलं की बिघडतं, हे मी कागदावर मांडलं तेव्हा अंगावर काटा आला. १० मिलिमीटर अंतरात एका अंशाचा शंभरावा भाग म्हणजे पावणेदोन मायक्रॉन. एका अंशाचा विसावा भाग तिरकं झालं तर दुसऱ्या टोकाला ८.७ मायक्रॉनचा फरक, म्हणजे अख्ख्या कोअरपेक्षा जास्त. आडव्या दिशेतला तिरकेपणा कॅमेऱ्यात लगेच दिसतो आणि आपण तो सुधारतोही. खोलीच्या दिशेतला तिरकेपणा दिसत नाही, कारण आपण वरून बघत असतो.

याची खात्री करायला आम्ही जी चाचणी केली, ती मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. तिला अर्धा तास लागतो. एकाच फायबरवर, जिथे १० मिलिमीटरचं ग्रेटिंग लिहायचं असतं तेवढ्याच पट्ट्यात, एक मिलिमीटरची तीन छोटी ग्रेटिंग लिहा. एक सुरुवातीला, एक मधे, एक शेवटी. तिघांची तरंगलांबी वेगळी ठेवा, म्हणजे ओळखता येतील. आम्ही १५४५, १५५० आणि १५५५ नॅनोमीटर घेतली, त्यासाठी अंतरं १.०६८, १.०७१ आणि १.०७५ मायक्रॉन. ट्रान्समिशनमध्ये एवढ्या छोट्या ग्रेटिंगचा खड्डा पाव डेसिबल असतो, डोळ्यांना दिसत नाही. सर्क्युलेटर (परत येणारा प्रकाश वेगळ्या वाटेने काढणारा भाग) लावून परावर्तन बघा. नीट बसलेलं एक मिलिमीटरचं ग्रेटिंग सुमारे साडेपाच टक्के प्रकाश परत पाठवतं, म्हणजे उणे साडेबारा डेसिबल. पाच मायक्रॉन चुकलेलं ग्रेटिंग उणे अठ्ठावीसच्या आसपास. दहा मायक्रॉन चुकलेलं दिसतच नाही.

आम्हाला पडद्यावर नेमकं हेच दिसलं. पहिलं शिखर ताठ, दुसरं बुटकं, तिसऱ्याच्या जागी नुसती अर्थहीन खरखर. त्या दिवशी लेसरवरचा आमचा संशय संपला.

तिन्ही शिखरं सारखीच बुटकी आली असती, तर दोष फायबरच्या बैठकीत नव्हता असं ठरलं असतं आणि आम्ही फोकसची खोली, फायबरभोवतीचं तेल (त्याबद्दल पुढे) किंवा पल्स यांच्याकडे वळलो असतो. एकाच वेळी दोन्ही शक्यता निवाड्याला लागतात, म्हणून ही चाचणी मला आवडते.

तिरकेपणा येत कुठून होता

इथे खरं कोडं होतं. बैठक पक्की होती, स्टेज समतल होतं, आम्ही काही हलवत नव्हतो. तरी काही दिवस फायबर सरळ, काही दिवस तिरकं.

उत्तर मिळालं टाकाऊ फायबरांच्या पाकिटांत. फसलेली ग्रेटिंग फेकायची नाहीत, तारीख घालून कागदी पाकिटात ठेवायची, ही सवय होती म्हणून निभावलं. एका दुपारी सगळी पाकिटं टेबलावर मांडली आणि प्रत्येक फायबरचं कोटिंग किती लांबीत काढलं आहे ते पट्टीने मोजलं. ही नोंद वहीत कधी केलीच नव्हती, कारण ती महत्त्वाची असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. चांगल्या ग्रेटिंगमध्ये उघडी लांबी ८० मिलिमीटरच्या पुढे होती. फसलेल्यांमध्ये ६८ च्या आसपास, आणि एका बाजूच्या कोटिंगवर चुंबकाचा दाबलेला ठसा. दुसऱ्या बाजूला ठसाच नाही.

आमचं फायबर दोन पोलादी पट्ट्यांवर ठेवून वरून चुंबकाने दाबलं जायचं. दोन पट्ट्यांमध्ये ६० मिलिमीटरचं अंतर, प्रत्येक पट्टी ८ मिलिमीटर रुंद. उघडी लांबी भरपूर असली की दोन्ही टोकांना उघडी काच पट्टीवर बसायची. लांबी कमी पडली आणि फायबर थोडं एका बाजूला सरकलं की एक टोक उघड्या काचेवर, दुसरं कोटिंगवर. कोटिंगसकट फायबर २५० मायक्रॉन, उघडं १२५. म्हणजे कोटिंगवालं टोक ६२.५ मायक्रॉनने उंच. साठ मिलिमीटरमध्ये ६२.५ मायक्रॉन, म्हणून १० मिलिमीटरच्या ग्रेटिंगमध्ये १०.४ मायक्रॉन. कोटिंगचं ॲक्रिलेट मऊ असतं, दाबाखाली प्रत्यक्षात फरक थोडा कमी भरत असेल, पण हिशोब लागला.

आणि मग ७ आणि २ या दोन आकड्यांचाही उलगडा झाला. मी फोकस ग्रेटिंगच्या मध्यावर जुळवायचे, त्यामुळे दोन्ही टोकांना पाच-पाच मायक्रॉनची चूक वाटली जायची. गणिताने १५ चा खड्डा ७ वर येतो. सहकारी सुरुवातीच्या टोकाला जुळवायचा, त्यामुळे सगळी चूक शेवटच्या टोकाला साचायची. गणिताने खड्डा २.३. दोघंही आपापल्या जागी काळजीपूर्वकच काम करत होतो. त्याच्या हातात काही कमी आहे असं मी मनातल्या मनात धरून बसले होते, त्याबद्दल मी त्याची माफी मागितली, आणि इथेही ते लिहून ठेवते.

दुरुस्ती

कोटिंग किती काढायचं ते ठरवून टाका आणि त्यासाठी मोजपट्टी बसवा. दोन्ही टोकं उघडी किंवा दोन्ही टोकं कोटिंगवर, यातलं काहीही चालेल, अर्धवट चालणार नाही. आम्ही दोन्ही टोकं कोटिंगवर ठेवायचं ठरवलं आणि उघडी लांबी ४५ मिलिमीटरवर आणली. उघड्या काचेवर चुंबक ठेवला की सूक्ष्म ओरखडे येतात आणि फायबर पुढे कधीतरी तिथेच तुटतं, हेही त्यामागचं कारण. मात्र ॲक्रिलेट दाबाखाली हळूहळू बसतं, म्हणून फायबर लावल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच कोअर शोधा.

एवढं करूनही दोन-तीन मायक्रॉनचा तिरकेपणा उरतोच. तो बैठकीचे स्क्रू पिळून काढण्यात आम्ही बराच वेळ घालवला आणि मग सोडून दिलं. त्यापेक्षा ग्रेटिंगच्या दोन्ही टोकांना कोअरचे तिन्ही निर्देशांक नोंदवा आणि स्टेजला त्या दोन बिंदूंमधल्या रेषेवरून चालवा. फायबरला लेसरच्या रेषेत आणण्यापेक्षा लेसरला फायबरच्या रेषेत नेणं सोपं जातं. फायबर ताणलेलं असेल तर एक सेंटिमीटरमध्ये ते सरळ रेषाच असते.

कोअर शोधायचा कसा

आडव्या दिशेत फायबरच्या दोन्ही कडा पाहून मध्य काढला तरी पुरतं. चांगल्या फायबरमध्ये कोअर आणि क्लॅडिंग यांच्या मध्यांत अर्ध्या मायक्रॉनहून जास्त फरक नसतो. खोलीच्या दिशेत कडा सर्वांत रेखीव दिसतील ती पातळी मध्याची, हे तत्त्व खरं असलं तरी डोळ्यांनी ती पातळी ठरवताना तीन-चार मायक्रॉनची चूक सहज होते. शिवाय कॅमेऱ्याचा फोकस आणि लेसरचा फोकस एकाच खोलीवर असतात असं नाही. तो फरक एकदा मोजून ठेवावा लागतो, आणि लेसरची रांग पुन्हा जुळवली की पुन्हा मोजावा लागतो.

आमचा भरवसा दोन गोष्टींवर आहे. जर्मेनियमवाल्या कोअरमध्ये फोकस गेला की ठिपका पडण्याइतकी ऊर्जा नसतानाही मंद निळसर उजेड फुटतो, क्लॅडिंगमध्ये तो दिसत नाही. प्रयोगशाळेत अंधार आणि कॅमेऱ्यापुढे लेसर अडवणारा फिल्टर असेल तर फोकस वर-खाली करत हा उजेड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते पाहून मध्य काढता येतो. ज्यांचा कोअर शुद्ध सिलिकाचा आहे त्यांना याचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पुन्हा तीच छोटी ग्रेटिंग: एक मिलिमीटरची पाच, प्रत्येकाची खोली २ मायक्रॉनने वेगळी. ज्याचं शिखर सर्वांत उंच ती खोली खरी. नवीन फायबरची रीळ लावली की आम्ही एकदा हे करतोच.

तेलाबद्दल

फायबर गोल आहे, म्हणून हवेतून आत शिरणारा किरण एका दिशेत वळतो आणि दुसऱ्या दिशेत नाही. फोकस फाटतो. त्यासाठी फायबर आणि वरची सपाट काच यांच्यामध्ये जुळत्या अपवर्तनांकाचं तेल भरतात, हे सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा बाटलीवरच्या आकड्याने होतो. तो आकडा साधारणपणे ५८९ नॅनोमीटरच्या पिवळ्या प्रकाशासाठी आणि २५ अंश तापमानासाठी दिलेला असतो. सिलिकाचा अपवर्तनांक त्या प्रकाशात १.४५८ आहे, ८०० नॅनोमीटरला १.४५३ आणि १०३० ला १.४५०. म्हणून ८०० चा लेसर आहे म्हणून १.४५३ ची बाटली मागवली, तर ती लेसरच्या तरंगलांबीला त्याहून कमी भरते. १.४५८ ची घ्या.

सूक्ष्मदर्शकाबरोबर मिळणारं नेहमीचं इमर्शन तेल १.५१५ च्या पुढचं असतं. ते कपाटात हाताशी असतं म्हणून वापरलं जातं, आणि मग फायबर उलट्या बाजूच्या भिंगासारखं वागतं. तापमानाची मात्र फार काळजी करू नका. तेलाचा अपवर्तनांक अंशाला साधारण ०.०००४ ने उतरतो, पाच अंशांच्या फरकाने ०.००२. चुकीच्या बाटलीपुढे हे किरकोळ आहे. बुडबुडे मात्र किरकोळ नाहीत. एक बुडबुडा ग्रेटिंगच्या मध्ये आला की तेवढा भाग कोराच राहतो. तेल प्रत्येक फायबरला नवीन घ्या आणि काच एका कडेने हळू टेकवा.

दुसऱ्या तक्रारी, ज्या याच नावाखाली येतात

मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर लहान शिखरं दिसली तर ती फोकसची चूक नाही. ती स्टेजची आहे. स्क्रूवर चालणाऱ्या स्टेजमध्ये प्रत्येक फेऱ्याला तीच चूक परत येते आणि ग्रेटिंगवर दुसरं मोठं आवर्तन चढतं. एका मिलिमीटरच्या पेचाला (एका फेऱ्यात स्टेज सरकतं ते अंतर) ही भुतं मुख्य शिखरापासून ०.८३ नॅनोमीटरवर दिसतात, अर्ध्या मिलिमीटरच्या पेचाला दुप्पट अंतरावर. अंतर मोजा, पेच ओळखा. यावर खरा उपाय म्हणजे पल्स घड्याळावर न सोडता स्टेजच्या प्रत्यक्ष जागेवरून सोडणं, आणि जमलं तर हवेवर तरंगणारं स्टेज.

शटर उघडण्याआधी स्टेजला पूर्ण वेग घेऊ द्या. नाहीतर सुरुवातीचे ठिपके दाटीने पडतात आणि शिखराला एका बाजूने शेपूट येतं.

फेज मास्क वापरणाऱ्यांनाही तिरकेपणाचा हा त्रास होतोच, कारण दंडगोल भिंगाने केलेली फोकसची रेघ काही मायक्रॉनच रुंद असते. त्यांच्याकडे चांगला उतारा आहे: लिहिताना ते भिंग पिझोने (वीज दिली की किंचित हलणाऱ्या स्फटिकाने) वर-खाली दहा-वीस मायक्रॉन हलवत ठेवायचं, म्हणजे रेघ कोअरवरून पुन्हापुन्हा पुसली जाते आणि मोडचा मोठा भाग व्यापते. मास्कला फायबर फार चिकटवू नका, एवढं मात्र जपा. १.०७ मायक्रॉनच्या मास्कपासून एक मिलिमीटर मागे आलं की सरळ जाणारा आणि वळलेला प्रकाश यांच्यात दीड पिकोसेकंदाहून जास्त अंतर पडतं, आणि १०० फेम्टोसेकंदांच्या पल्स एकमेकींना गाठू शकत नाहीत. मग फक्त दोन वळलेल्या किरणांची स्वच्छ पट्टी मिळते.

शेवटची गोष्ट तरंगलांबीची, कारण खड्डा नीट आल्यावर पुढची तक्रार हीच येते. फायबर लावताना आम्ही टोकाला वजन टांगून ताण देतो. १० ग्रॅमच्या ताणाने फायबर जेवढं लांबतं, तेवढ्याने ग्रेटिंगची तरंगलांबी साधारण ०.१४ नॅनोमीटर बदलते, आणि ताण सोडला की तेवढी खाली येते. हाताने ओढून लावलेल्या प्रत्येक फायबरचा ताण वेगळा असतो. एकच ठरलेलं वजन वापरा, ते ज्या दोऱ्यावर टांगता तो कप्पीवरून मोकळा फिरतो आहे ना ते पाहा, आणि वजन वहीत लिहा. त्याच ओळीत, कोटिंग किती मिलिमीटर काढलं तेही.